पैसा गावात आला, पाड्यावर पोहोचला का?

वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. प्रेषितांनी वाटणी स्वतःच्या हाती ठेवली नाही. माणसे निवडण्याचे काम लोकांवरच सोपवले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलेच लोक वाटणीला बसले. हा भाग मी अनेकदा शिकवला आहे. तो मला उमगला मात्र एका पाड्यावरच्या शाळेत.

दोन वर्षांपूर्वी वादळात त्या जिल्हा परिषद शाळेचे पत्रे उडाले. पालक आमच्याकडे आले. आपल्या देणगीतून आम्ही पत्रे घेऊन दिले, प्रार्थना केली, फोटोही काढले. पुढे कळले की ग्रामपंचायतीच्या पेसा खात्यात त्याच वर्षी पैसे पडून होते. असे खाते असते हे पालकांना ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते, आणि आम्ही तर शिकलेले!

पेसा कायदा १९९६ चा. राज्यातील १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. तेथील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट मिळतो. वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होते. हा निधी अबंध आहे, म्हणजे कोणते काम करायचे ते वरून ठरून येत नाही, ग्रामसभा ठरवते. शिक्षण हा त्यातला एक मान्य विषय. शाळेला वेगळे अनुदानही असते, पण ते पटावर ठरते. पाड्यावरच्या लहान शाळेच्या वाट्याला त्यातले थोडेच येते.

अडचण निराळीच आहे. ग्रामसभा भरते मोठ्या गावात. २६ जानेवारीच्या सभेला निम्मा पाडा ऊसतोडीला गेलेला असतो. जे हजर असतात त्यांच्या गल्लीत काँक्रीट पडते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. आमच्या पाड्यावर त्या बाया अंगठा उठवून घरी जात. विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार याच समितीला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

यंदा त्याच शाळेची मागची भिंत खचली. मुले ओसरीत बसतात. पालक पुन्हा आमच्याकडे आले. या वेळी आम्ही पैसे दिले नाहीत. समितीबरोबर तीन संध्याकाळी बसून अर्ज लिहिला. काही सभासदांना हे कठोर वाटले, आणि ओसरीतली मुले पाहिली की मलाही वाटते. दोन आयांनी मात्र ग्रामसेवकांकडे खात्याचा जमाखर्च मागितला. त्यांनी तो वाचून दाखवला.

१ मेच्या ग्रामसभेत भिंतीचा विषय ठेवण्याचे कबूल झाले आहे. तोवर ऊसतोडीची माणसेही परततील. खजिनदारांनी भिंतीपुरती रक्कम बाजूला ठेवली आहे. ठराव झाला नाही, तर पावसाआधी ती वापरावी लागेल.