हिशेब लिहिणाराला काम

बाजाराच्या गावी हिशेबाशिवाय पान हलत नाही. आपली चिखली असेच गाव आहे. इथे बाजार समिती आहे. अडत दुकानी सोयाबीन, तूर, हरभरा येतो. माल किती आला, पैसे कोणाला दिले, हे रोज लिहावे लागते. लिहितो तो दिवाणजी.

लोक आम्हांला विचारतात, "गुरुजी, सनद नाही. मग हिशेबाचे काम मिळेल काय?"

मिळेल. हिशेब लिहिणे वेगळे, तपासणे वेगळे. सनदी लेखापालासाठी १९४९ चा कायदा आहे. कंपनीचा हिशेब तपासून सही तोच करतो. पण कीर्द-खतावणी लिहायला सनद लागत नाही.

काम कुठे आहे? अडत दुकान, जिनिंग, पतसंस्था, दूध संस्था. बचत गटालाही लिहिणारी बाई हवीच. आता पुष्कळ ठिकाणी हिशेब संगणकावर लिहितात. तेही शिकावे. पण जमा-नावे कळले नाही, तर संगणक तरी काय करील?

घरात कोणी पदवीधर आहे काय? त्याने सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. परीक्षा द्यावी. पास झाल्यावर अनुभव घ्यावा. मग खात्याच्या यादीत नाव लागले, की सहकारी संस्थांचे हिशेब तपासता येतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाईने गटात ५० रुपये भरले आणि वहीत ५ लिहिले, तर तिचे ४५ रुपये बुडाले. म्हणून रोजचे रोज लिहावे. पावती द्यावी. खोडाखोड करू नये. कोऱ्या कागदावर सही करू नये.

सराव : आज घरात आलेले पैसे डावीकडे लिहा. गेलेले उजवीकडे लिहा. शिल्लक काढा. डब्यातले पैसे मोजा. मेळ बसला काय?