राखेचा बांध आणि धोक्याची श्रेणी

प्रश्न : आमचं गाव पारसच्या वीज केंद्रापासून फार लांब नाही. राखेच्या तलावाच्या बांधालाही धोक्याची श्रेणी असते म्हणे. श्रेणी वरची असली म्हणजे बांध फुटायला आलाय असं समजायचं का?
– एक वाचक, ता. बाळापूर

उत्तर : नाही. श्रेणी बांधाची तब्येत सांगत नाही. बांध फुटलाच तर खाली कोणाचं काय जाईल, एवढंच ती सांगते. पायथ्याशी वस्ती असेल तर भक्कम बांधही वरच्या श्रेणीत बसतो आणि ओसाड रानातला पोखरलेला बांध खालच्या श्रेणीत पडून राहतो. बांधाची एक टोपलीही न हलवता श्रेणी बदलू शकते. उतारावर नवा लेआउट पडला की झालं.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टनचा राखतलाव 22 डिसेंबर 2008 रोजी फुटला आणि 40 लाख घनमीटरहून जास्त चिखल बाहेर पडला. मग तिथल्या पर्यावरण खात्यानं देशभरचे राखतलाव तपासायला घेतले. माणसं दगावण्याची शक्यता असेल तर ‘उच्च’, माणसं वाचतील पण नदी, रस्ते, पाणीपुरवठा नासेल तर ‘लक्षणीय’, नुकसान मालकाच्या आवारापुरतं असेल तर ‘कमी’. ‘उच्च’ श्रेणीतल्या 44 तलावांची यादी 2009 मध्ये जाहीर झाली, तीही आधी सुरक्षेचं कारण सांगून दडवल्यानंतर. जे बांधाखाली राहतात त्यांच्यापासूनच ती लपवण्यात कोणती सुरक्षा होती, कोण जाणे.

आपल्याकडचा 2021 चा धरण सुरक्षा कायदा नदीवर पाणी अडवणाऱ्या बांधकामांचा विचार करून केलेला आहे. राखतलाव बहुधा मोकळ्या जमिनीला बांध घालून केलेला असतो. त्याच्यासाठी 31 डिसेंबर 2021 ची केंद्राची राखेविषयीची अधिसूचना बघावी. बांधाच्या सुरक्षिततेचं दरवर्षी प्रमाणपत्र घेण्याची तरतूद तिच्यात आहे.

आता पारस. तिथे 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. आपल्या कोळशाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, राखच होते. तलावात जाते ती राख पाण्यात कालवून पाइपानं. राख खाली बसते, वरचं पाणी काढून घेतात. तलाव भरत आला की बांध उंच करतात, आणि पुष्कळदा ही वाढीव उंची आत साचलेल्या राखेवरच उभी असते. खरी मेख इथे आहे. पाणी मुरलेली राख दिसते घट्ट, पण एकदा सुटली की आंबिलीसारखी वाहते. कोराडी केंद्राचा खसाळ्याचा बांध 16 जुलै 2022 रोजी भर पावसात फुटला, राख शेतांतून नाल्यात आणि तिथून नदीत गेली. पण सिंगरौलीजवळच्या सासनचा बांध फुटला 10 एप्रिल 2020 ला, ऐन उन्हाळ्यात. सहा माणसं गेली. तेव्हा फक्त पावसाळ्यात लक्ष ठेवून भागत नाही.

माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा : श्रेणी, यंदाचं सुरक्षा प्रमाणपत्र आणि बांध फुटल्यास राख कुठवर पोचेल याचा नकाशा. बांधाच्या पायथ्याशी थोडं पाणी पाझरतंच. ते नितळ असेल तर जागा ध्यानात ठेवून केंद्राला कळवा. राखट, गढूळ येऊ लागलं तर बांध आतून धुपतोय. तेव्हा अर्ज लिहीत बसू नका. आधी खालच्या घरांना उठवा, मग तहसीलला फोन लावा.