परदेशप्रवास, कार्ड व शेंकडेवारी

परदेशप्रवासास निघतांना खर्चाचा पैसा कोणत्या कार्डावर न्यावा, हा प्रश्न अंकगणिताचाच आहे. शाळेंत शिकलेली शेंकडेवारी येथें उपयोगी पडते, म्हणून आम्ही हा विषय विद्यार्थ्यांपुढें मांडीत आहों.

भारतांतील कित्येक बँका परकी चलनांतील खर्चावर शेंकडा ३.५ पर्यंत आकार घेतात, व त्या आकारावर शेंकडा १८ जीएसटी पडतो. एक लक्ष रुपये खर्च झाले, तर आकार ३,५०० व कर ६३०, मिळून ४,१३० रुपये कांहीं वस्तु न घेतांच गेले! हा आकार न घेणारींही कार्डें मिळतात. परंतु त्यांची वार्षिक फी हिशेबांत धरावी.

फॉरेक्स कार्डांत पैसा आगाऊ भरल्यास त्या दिवसाचा दर कायम राहतो. मात्र डॉलर भरलेलें कार्ड यूरोच्या देशांत वापरल्यास बहुधा चलनबदलाचा आकार पुन्हां पडतो; म्हणून ज्या देशीं जावयाचें, तेथीलच चलन भरावें.

परदेशांतील दुकानदार ‘रुपयांत घेऊं काय?’ असें विचारील. तें सोयीचें भासतें. पण तो दर बहुधा महाग असतो. तेथें स्थानिक चलनच सांगावें. क्रेडिट कार्डानें एटीएममधून रोकड काढूं नये. व्याज त्याच दिवसापासून सुरू होतें.

२०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी वापर बंद असतो. तो निघण्यापूर्वीं सुरू करून घ्यावा.

विद्यार्थ्यांनीं आईवडिलांजवळ बसून दोन कार्डांचीं दरपत्रकें ताडून पाहावीं. वांचविलेला पैसा हा मिळविलेलाच पैसा होय.