'हू' आलं की 'ही' नको

प्रश्न : मी बारावीत आहे. 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय कझिन' या माझ्या वाक्यातला 'ही' बाईंनी खोडला. मराठीत तर 'जो मुलगा काल आला, तो माझा मावसभाऊ' असंच म्हणतात ना? आणि स्वल्पविराम नेमका कधी द्यायचा?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुझं मराठी पक्कं आहे, चूक तिथूनच शिरली! मराठीत 'जो'ला 'तो' लागतो, 'जिथे'ला 'तिथे'. इंग्रजीत ही जोडी नाही. 'हू' एकटंच सांधा जुळवतं. म्हणून 'ही' आणि त्याआधीचा स्वल्पविराम, दोन्ही काढ. 'द बुक दॅट आय बॉट इट' यातलं 'इट'ही असंच जादा.

स्वल्पविरामाने अर्थ बदलतो. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे' असं सलग लिहिलंस, तर भाऊ एकाहून जास्त, त्यांतला पुण्याचा. 'हू'पासून 'पुणे'पर्यंतचा भाग दोन स्वल्पविरामांत ठेवलास, तर भाऊ एकच. पुणे ही जास्तीची माहिती.

शंका आली तर तेवढा भाग बोटाने झाक. कोणाबद्दल बोलतेयस ते तरीही कळलं, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दे; नाही कळलं, तर एकही नको.

वस्तूंसाठी, स्वल्पविराम नसेल तर 'दॅट' किंवा 'व्हिच' दोन्ही चालतात. स्वल्पविरामानंतर मात्र 'व्हिच'च. तिथे 'दॅट' टाळ.

रोज पाच वाक्यं मराठीतून इंग्रजीत कर आणि 'तो' कुठे गळतो ते बघ. आठवड्याभरात सवय होईल.