रिपीट म्हणण्याआधी

मुंबईतल्या एका परमिट रूममध्ये मी बरीच वर्षं कॅप्टन होतो. ग्लास रिकामा व्हायच्या आत टेबलापाशी जाऊन ‘साहेब, रिपीट?’ विचारायचं, हे माझं काम. खारे शेंगदाणे न मागता टेबलावर येतात तेही त्यासाठीच. खारट खाल्लं की तहान लागते. कोणी किती मागवलं ते आम्ही बिलासाठी लिहायचो. कोणाच्या रक्तात किती उतरलं, हे लिहिणारं तिथे कोणी नसतं. ते ज्याचं त्यानंच मोजायला हवं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटायची ती ‘आम्ही दारू नाही, फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या पोरांची. स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत आठ टक्के अल्कोहोल धरलं, तर ते 52 मिली भरतं. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये ते जेमतेम 13 मिली असतं. म्हणजे एका बाटलीत चार पेग. दोन बाटल्या रिचवणाऱ्यानं अख्खी क्वार्टर संपवून वर आणखी दोन पेग घेतलेले असतात, आणि तरी तो मनापासून सांगत असतो की आपण काही फार घेतलेली नाही.

शरीर हे सगळं तासाला साधारण एक स्मॉल पेग, या वेगानं निपटवतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. आमच्याकडचा एक नेहमीचा गिऱ्हाईक शहाणा होता. प्यायल्यावर बाइक बारखालीच ठेवून टॅक्सीनं घरी जायचा. एकदा रात्री दीडला, बार बंद होताना, तीन स्ट्राँग संपवून गेला आणि सकाळी सातला बाइक न्यायला आला. चेहरा ताजातवाना, बोलणं स्वच्छ. पुढच्याच सिग्नलला दुभाजकावर आदळला, मांडीत रॉड घालावा लागला. बारा पेगांचा हिशेब इतक्या कमी तासांत मिटत नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम आहे. लागोपाठ दोन स्मॉल घेतले तरी बहुतेकजण ती ओलांडतात. म्हणून घरी जायची सोय पहिल्या घोटाआधी ठरवा, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही त्यात धरा.

बाटलीचं सील तुमच्यासमोर फुटू दे. तसं सांगण्यात कसलाही अपमान नाही, चांगला वेटर ते आपणहून करतो. रिकाम्या ब्रँडेड बाटल्यांत भलतंच भरून विकणारे असतात, त्यामुळे घरी संपलेली बाटली भंगारात देताना लेबल फाडा. अड्ड्यावरच्या स्वस्त दारूला तर हातच लावू नका. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉलचा त्रास बऱ्याचदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो: पोटात कळा, धाप, डोळ्यांपुढे धुकं. हँगओव्हर समजून झोपू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. वेळेत उपचार झाले तर जीव वाचू शकतो, दृष्टीही.

रोज पिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कोणाच्या शपथेखातर एका दिवसात बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतं आहे.

आणि मित्र टेबलावरच आडवा झाला, तर त्याला उताणं झोपवून निघून जाऊ नका; उलटी घशात अडकून माणूस गुदमरतो. कुशीवर वळवा, जबरदस्तीनं ओकायला लावू नका, कोणीतरी जागं राहून श्वासावर लक्ष ठेवा. हलवूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा अंग गार पडलं असेल, तर लगेच 108 लावा. किती आणि काय प्यायलाय ते डॉक्टरांना खरं सांगा, त्याच्या घरचे शेजारी उभे असले तरी.