सेनगावात अगार माध्यम: खर्च किती, साठवण कशी?

विकत आणलेला ट्रायकोडर्मा (पिकाला उपयोगी बुरशी) जिवंत आहे का, हळदीच्या कुजलेल्या कंदात कोणती बुरशी आहे, हे तपासायला बुरशी वाढवण्याचे अगार माध्यम लागते. ट्रायकोडर्मा नुसता शेतात वापरायचा असेल, तर या खर्चात पडू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ट्रायकोडर्मायुक्त बायोमिक्स घ्या. तपासणी करणाऱ्या तरुणांसाठी आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांसाठी हा हिशेब.

तयार पावडर: बुरशीसाठी पीडीए (पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार), लिटरला 39 ग्रॅम. प्लेटला 20 मिली धरले, तर 500 ग्रॅमच्या डब्यात सुमारे 640 प्लेट होतात. जीएसटी, कुरिअरसह डबा समजा 4000 रुपयांना पडला, तर प्लेटमागे सव्वासहा रुपये. पेट्री डिश वेगळ्या. पण उघडी पावडर ओल धरते, पावसाळ्यात तिचे गोळे होतात. वर्षाला शंभरेक प्लेट लागत असतील, तर 100 ग्रॅमचाच डबा मागवा.

घरचे माध्यम: 200 ग्रॅम बटाटे उकळून पाणी गाळा. त्यात 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 15 ते 20 ग्रॅम अगार घालून एक लिटर करा. किराणा दुकानातला चायना ग्रासही अगारच. सरावाला चालतो, पण त्याची शुद्धता आणि घट्टपणा सारखा नसतो. खऱ्या तपासणीला प्रयोगशाळेचाच अगार घ्या.

निर्जंतुकीकरण: ऑटोक्लेव्हमध्ये 15 पौंड दाब, 121 अंश, 15 ते 20 मिनिटे. ऑटोक्लेव्ह नसेल, तर वेगळा प्रेशर कुकर ठेवा. बाटली अर्धीच भरा, झाकण सैल ठेवा. शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवा आणि दाब आपोआप उतरू द्या. माध्यम 45 ते 50 अंशांवर आले की ओता. त्याहून गरम ओतले तर झाकणाला वाफ धरते.

साठवण: सगळ्या प्लेट एकदम ओतू नका. माध्यम छोट्या बाटल्यांत ठेवा, लागेल तेवढेच वितळवा, तेही एकदाच. ओतलेल्या प्लेट उलट्या करून, पिशवीत बंद करून 4 अंशांवर ठेवा. दोन ते चार आठवड्यांत संपवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास अगार फुटून पाणी सुटते. वीज वारंवार जात असेल, तर आठवड्यापुरत्याच प्लेट करा. वापरण्याआधी दोन रिकाम्या प्लेट दोन-तीन दिवस उबेत ठेवा. त्यांत काही उगवले, तर ती खेप टाकून द्या.

वापरलेली प्लेट उकिरड्यावर फेकू नका. आतले माध्यम कुकरमध्ये अर्धा तास शिजवूनच टाका, आणि तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला कधीही वापरू नका.