मुक्ता साळवेचा निबंध आणि आपले लेखनवर्ग

'ज्ञानोदय' नियतकालिकाच्या 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 च्या अंकांत 'मांग महाराच्या दुःखाविषयी' हा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. लेखिका होती मुक्ता साळवे, महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी 14 वर्षांची विद्यार्थिनी. दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ म्हणून या निबंधाचा गौरव होतो आणि तो यथार्थच आहे. परंतु शिक्षकाने त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावयास हवे. हा एका शाळकरी मुलीचा निबंध आहे. तिला तो लिहिता आला, कारण तिला काही सांगावयाचे होते, आणि ते सांगू देणारी शाळा तिला लाभली होती.

आज आपल्या शाळांतील निबंधाची वही उघडली तर काय दिसते? साठ वह्यांत एकच पावसाळा, एकच आवडता प्राणी, आणि फळ्यावरून किंवा गाईडमधून उतरवून घेतलेला एकच समारोप. ऊसतोड कामगाराचे मूल 'मामाच्या गावची सुट्टी' लिहिते. त्याची सुट्टी मात्र फडावरच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळण्यात गेलेली असते. तेच मूल मुकादमाने दिलेली उचल कशी फिटते, हे तोंडी बिनचूक सांगते. म्हणजे भाषा त्याच्यापाशी आहे, विचारही आहे. आपल्याला कागदावर हे चालत नाही, एवढाच धडा आपण त्याला दिलेला असतो. नक्कल करणे ही लेखनाची पहिली पायरी आहे, असे आपण मानतो. प्रत्यक्षात पुष्कळ मुलांच्या बाबतीत ती शेवटची पायरी ठरते.

यावर काही उपाय सुचवावेसे वाटतात. त्यांना वेगळा खर्च लागत नाही.

पहिला, लिहिण्यापूर्वी बोलू द्यावे. विषय दिल्यावर मुलांनी दोघादोघांनी दहा मिनिटे परस्परांना तो सांगावा. जे सांगून झाले, ते लिहिताना हात अडत नाही.

दुसरा, पहिल्या खर्ड्यात घरची बोली चालू द्यावी. प्रमाणभाषा शिकविलीच पाहिजे. परीक्षा आणि कचेरी तिच्याच आहेत. परंतु ती दुसऱ्या खर्ड्यात यावी. पहिल्याच ओळीला घरचा शब्द खोडला, की मुलाला आपले घरच खोडले गेल्यासारखे वाटते.

तिसरा, तपासणीची रीत बदलावी. साठ वह्या एका रात्रीत तपासल्या तर केवळ सही होते. रोज दहा वह्या घेतल्या तर सहा दिवसांत साठही नीट वाचून होतात. प्रत्येक वहीत एक प्रश्न लिहावा, 'येथे नेमके काय घडले?' असा, आणि शुद्धलेखनाची एकाच प्रकारची चूक दाखवावी. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच दुसरा खर्डा.

चौथा, लेखनाला खरा वाचक द्यावा. निवासी शाळेत ही सोय मोठी आहे. नळाच्या दुरुस्तीसाठी अधीक्षकांना अर्ज, वाचनालयात हव्या असलेल्या पुस्तकांची सकारण मागणी, गावच्या वृद्धांकडून ऐकलेल्या हकिकतीची नोंद, भित्तिपत्रकासाठी बातमी. अर्जाला लेखी उत्तर मिळाले, की शब्दाने काम होते हे मुलाला कळते. आपल्या समाजाला शतकानुशतके हेच कळू दिले गेले नव्हते.

येथेच खरी कसोटी आहे. मुक्ताने आपल्या निबंधात पेशवाईतील जुलूम सांगितला, डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणींचे हाल सांगितले, आणि वेदांवर ज्यांना अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न विचारला. असे लिहिणारी मुलगी आज आपल्या वर्गात असेल, तर तिच्या वहीवर आपण काय शेरा देऊ? 'विषय सोडून लिहू नये', असा तर नाही ना? वसतिगृहातील पातळ वरणाविषयी एखाद्याने खरे लिहिले, तर त्याला आपण बोलावून दटावणार, की उत्तर देणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात याचा वस्तुपाठ आहे. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांच्या भाषणातील काही मजकुराला हरकत घेतली. बाबासाहेबांनी तो बदलण्यास नकार दिला. परिषद झाली नाही, आणि ते भाषण त्यांनी स्वतः छापले. मात्र पुढील वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर, दोन्ही समाविष्ट केली. दडपणापुढे मत बदलायचे नाही, पण टीका टाळायचीही नाही. शिक्षकाच्या लाल शाईलाही हीच मर्यादा हवी. तिने वाक्य दुरुस्त करावे, पुरावा मागावा. मत खोडू नये.

लेखन सुधारण्याचा प्रश्न केवळ हस्ताक्षराचा आणि गुणांचा नाही. मुलांना खरे लिहावयास सांगणाऱ्या शाळेने ते वाचण्याची तयारी ठेवली पाहिजे. ही तयारी आपण ठेवली, तर वही कोरी राहणार नाही आणि साठ वह्यांत एकच पावसाळा पडणार नाही.